शेवंती : नाव व निगा

मराठीत शेवंती म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येणारे दाट पाकळ्यांचे पिवळे वा पांढरे फूल, याविषयी कोणास संदेह नसतो. कन्नडमधील सेवंतिगे आणि तेलुगूतील चामंति हे शब्दही याच फुलाचे वाचक होत. हिंदीत मात्र सेवती म्हणजे पांढरा गुलाब. आपल्या शेवंतीला तेथे गुलदाउदी म्हणतात. संस्कृत कोशांतही सेमन्ती हा शब्द गुलाबाच्याच एका प्रकारासाठी दिलेला आढळतो. एकाच शब्दकुलाने दोन भिन्न वनस्पतींचा आश्रय घ्यावा, हे भाषेच्या इतिहासात नवलाचे नव्हे. बागेत मात्र असा घोटाळा महाग पडतो. गुलाबाची काष्ठमय फांदी छाटली की पुन्हा फुटते. शेवंतीच्या फुलून गेलेल्या दांड्याकडून तशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.

शास्त्रीय परिभाषेत शेवंतीस बहुवर्षायू म्हणतात. ही संज्ञा यथार्थ असली तरी फसवी आहे. वर्षानुवर्षे टिकतो तो दांडा नव्हे, तर बुंध्यापाशी जमिनीतून फुटणारे कोंब. माळी लोक त्यांना काश्या म्हणतात, आणि शेवंतीची सारी निगा या एका शब्दाभोवती फिरते. बहर संपताच जुने दांडे जमिनीलगत कापावेत. काही आठवड्यांनी काश्या वर येतात. त्या मुळांसह अलग करून उन्हाळ्यात जगवाव्यात आणि पावसाळ्याच्या तोंडी नव्या जागी सुमारे एक फूट अंतराने लावाव्यात. जुना गड्डा तसाच राहू दिल्यास काश्यांची दाटी होऊन फूल वर्षागणिक लहान होत जाते.

लागणीनंतर सुमारे महिन्याने शेंडा खुडावा, म्हणजे बगलफुटी येऊन झाड पसरते. पावसाळा सरू लागला की मात्र खुडणी थांबवावी, कारण तेव्हा कळी धरण्याचा काळ जवळ येतो. दिवसमानाचा फुलण्याशी असलेला संबंध गार्नर व अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये प्रथम स्पष्ट केला. शेवंती ही लहान दिवसांत, किंबहुना लांबलेल्या अखंड अंधारात, कळी धरणारी वनस्पती आहे. म्हणूनच रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात रात्रभर उभे असलेले झाड धडधाकट दिसूनही फुलण्यास विलंब लावते. अशा झाडास खत वाढवून काही साधत नाही. त्याची जागा बदलली पाहिजे.

निफाड तालुक्यातील सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावी अडचण निराळीच असते. तेथील काळी जमीन सकस खरी, परंतु ती पाणी धरून ठेवते. आणि शेवंतीस पाण्याची ओढ जितकी बाधत नाही तितके मुळाशी साचलेले पाणी बाधते. पाने खालून पिवळी पडू लागली की पुष्कळ जण तहान समजून आणखी पाणी घालतात, आणि मूळ कुजते. तेव्हा वाफा उंच करावा, काळ्या मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, आणि पावसाळ्यात पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा. तथापि पुरापुढे उंच वाफ्याचाही निभाव लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेड्यात शिरले, ते याच सुमारास, म्हणजे शेवंती भरास येत असताना. एखादा वाण हातचा जाऊ द्यायचा नसेल, तर प्रत्येक वाणाच्या दोन-चार काश्या कुंडीत लावून ती कुंडी गच्चीवर किंवा गावातील उंचवट्यावर ठेवावी. कुंडीच्या तळाचे छिद्र खापरीने झाकावे, बुजवू नये.