हरित शैवले, गोड्या पाण्यातील

हरित शैवले, गोड्या पाण्यातील : तळी, डबकी, विहिरी, संथ ओढे, कालवे, भातखाचरे व ओलसर जमीन अशा ठिकाणी वाढणाऱ्या, बहुधा गवतासारख्या हिरव्या रंगाच्या साध्या वनस्पतींचा हा मोठा गट आहे. यांना खरी मुळे, खोड व पाने नसतात. शरीराला कायक म्हणतात. पाण्यावरील कोणत्याही हिरव्या थराला व्यवहारात ‘शेवाळ’ म्हणतात, तथापि असा प्रत्येक थर हरित शैवलांचाच असतो असे नाही. हा गट साधा दिसत असला, तरी त्याचे वर्गीकरण वनस्पतिविज्ञानातील एका मूलभूत प्रश्नाशी निगडित आहे. जमिनीवरील सर्व हिरव्या वनस्पतींचे पूर्वज याच गटात शोधावे लागतात.

लक्षणे : हरित शैवलांच्या कोशिकेत स्पष्ट प्रकल (कोशिकेच्या कार्यावर नियंत्रण ठेवणारा पुंज) व एक किंवा अनेक हरितकणू असतात. हरितकणूंत हरितद्रव्य अ व आ, तसेच कॅरोटीन व झँथोफिल ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये असतात. प्रकाशसंश्लेषणाने बनलेले अन्न स्टार्चच्या रूपात हरितकणूंतच साठते. अनेकांमध्ये ते पायरेनॉइड या प्रथिनमय पिंडाभोवती जमते. कोशिकावरणात बहुधा तूलीर (सेल्युलोज) असते. ही लक्षणे उच्च वनस्पतींशी जुळतात.

नील-हरित शैवलांत प्रकल व हरितकणू नसतात आणि त्यांचे राखीव अन्न स्टार्च नसते. त्यामुळे आयोडिनाचा सौम्य विद्राव दिल्यास हरित शैवलांतील स्टार्च निळा-काळा होतो, नील-हरित शैवलांत तसा रंग येत नाही. तळ्यांवर उन्हाळ्यात येणारी रंगासारखी दाट साय पुष्कळदा मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवलाची असते व ती गुरांना आणि माणसांना विषारी ठरू शकते. म्हणून हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. यूग्लीना हा हिरवा, चल सूक्ष्मजीवही स्टार्च साठवीत नाही व तो या गटात मोडत नाही. उलट, हीमॅटोकॉकस हे खरे हरित शैवल खडकांवरील पावसाच्या डबक्यांत पाणी आटू लागले म्हणजे ॲस्टॅझँथिन या द्रव्यामुळे लाल होते. केवळ रंगावरून ओळख निश्चित होत नाही, हे यावरून दिसते.

कायकाचे प्रकार : क्लॅमिडोमोनस एककोशिक असून दोन सारख्या कशाभिकांच्या (चाबकासारख्या सूक्ष्म धाग्यांच्या) साहाय्याने पोहते. व्हॉल्व्हॉक्समध्ये अशा शेकडो ते हजारो कोशिका एका पोकळ गोलाच्या पृष्ठभागी मांडलेल्या असतात. लेव्हेनहूक यांनी १७०० मध्ये हे फिरते गोल पाहिले होते. क्लोरेला एककोशिक व अचल असून तिच्या कोशिकेचा व्यास सु. २ ते १० मायक्रोमीटर असतो. सेनेडेस्मसमध्ये बहुधा चार किंवा आठ कोशिका ओळीने जोडलेल्या असतात, तर हायड्रोडिक्टिऑनमध्ये त्या जोडून जाळे बनते. युलोथ्रिक्स व स्पायरोगायरा अशाखित तंतूंची, तर क्लॅडोफोरा शाखित तंतूंची बनलेली असते. स्पायरोगायरा श्लेष्मल आवरणामुळे हाताला बुळबुळीत लागते, क्लॅडोफोरा मात्र खरखरीत लागते. कारा या शैवलात पेरी व कांडी असून पेऱ्यांवर लहान शाखांची मंडले असतात. तिच्या कांड्यातील एक कोशिका कित्येक सेंमी. लांब असू शकते.

प्रजोत्पादन : कायकाचे तुकडे होऊन, कोशिका विभागून किंवा कशाभिकायुक्त चर बीजुके बनून अलैंगिक प्रजोत्पादन होते. लैंगिक प्रजोत्पादनात दोन गंतुके (प्रजोत्पादक कोशिका) एकत्र येतात. काही जातींत ती सारखी, काहींत लहानमोठी, तर व्हॉल्व्हॉक्स, ईडोगोनियम व कारा यांत एक मोठे, अचल अंदुक व दुसरे लहान, चल रेतुक असते. स्पायरोगायरात कशाभिकायुक्त कोशिका कोणत्याही अवस्थेत आढळत नाहीत. शेजारच्या दोन तंतूंत नलिका तयार होऊन एका कोशिकेतील जीवद्रव्य दुसरीत जाते. संयोगाने बनलेल्या रंदुकाभोवती जाड आवरण येते. गोड्या पाण्यातील बहुतेक जातींत रंदुकाचेच न्यूनीकरण विभाजन होऊन पुढील पिढी एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) बनते. पावसाळ्यात भरणारी व उन्हाळ्यात कोरडी पडणारी डबकी ही भारतातील नेहमीची स्थिती आहे. अशा ठिकाणी जाड आवरणाचे रंदुक मातीत टिकून राहते व पुन्हा पाणी मिळताच रुजते.

वर्गीकरण : पूर्वी कायकाची बांधणी व प्रजोत्पादनाची रीत हाच वर्गीकरणाचा आधार होता. एफ्. ई. फ्रिट्श यांनी १९३५ मध्ये हरित शैवलांचे नऊ गण मानले. चल एककोशिक जीवापासून वसाहत, तंतू व शाखित कायक असा क्रमविकास झाला, ही कल्पना त्यामागे होती. ही पद्धती सुटसुटीत असल्याने भारतातील पाठ्यपुस्तकांत ती दीर्घकाळ प्रचलित राहिली.

तथापि बाह्य साम्य हे नात्याचे खात्रीचे गमक नाही, हे पुढे स्पष्ट झाले. एम्. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३२ मध्ये भारतातील ओलसर मातीवर वाढणाऱ्या फ्रिट्शिएला या शैवलाचे वर्णन केले व फ्रिट्श यांच्या सन्मानार्थ त्यास हे नाव दिले. त्यात जमिनीतील मूलकल्प, जमिनीलगत पसरणारा भाग व हवेत वाढणारे उभे तंतू असल्यामुळे भूवनस्पतींचा पूर्वज असाच असावा, असे अनेकांना वाटले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिच्या कोशिकांचे विभाजन पाहिले असता मात्र निराळेच आढळले. प्रकलाचे विभाजन संपताच तर्कू (गुणसूत्रे दूर नेणारी सूक्ष्मनलिकांची रचना) नाहीसा होतो, दोन्ही नवे प्रकल जवळ येतात आणि नव्या पडद्याच्या पातळीस समांतर अशा सूक्ष्मनलिका दिसतात. भूवनस्पतींत याउलट तर्कू टिकून राहतो व सूक्ष्मनलिका पडद्याला काटकोनात असतात. ही दुसरी रीत कारा व कोलिओकीट यांत आढळते, स्पायरोगायरातही तिचे प्राथमिक स्वरूप दिसते. म्हणजे भूवनस्पतींसारखी दिसणारी फ्रिट्शिएला त्यांच्यापासून दूरची ठरली.

पिकेट-हीप्स व मार्चंट यांनी १९७२ मध्ये अशा भेदांवरून हरित शैवलांच्या दोन स्वतंत्र वंशरेषा सुचविल्या. मॅटॉक्स व स्ट्यूअर्ट यांनी १९८४ मध्ये त्यानुसार विस्तृत वर्गीकरण मांडले. चर कोशिकांतील कशाभिकांच्या मुळाची रचना व ग्लायकोलिक अम्लाचे ऑक्सिडीकरण करणारी एंझाइमे यांचाही आधार घेण्यात आला. पुढे डीएनएच्या तुलनेने हे विभाजन पक्के झाले. युलोथ्रिक्स व क्लेब्सॉर्मिडियम यांचे तंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखे दिसतात व ती पूर्वी एकाच गणात ठेवली जात, आता ती दोन निरनिराळ्या विभागांत मोडतात. ‘क्लोरेला’ या नावाखालील अनेक जातीही परस्परांपासून दूरच्या असल्याचे आढळले.

सध्या मान्य असलेले दोन विभाग पुढीलप्रमाणे आहेत :

(१) क्लोरोफायटा : गोड्या पाण्यातील याचे मुख्य वर्ग तीन आहेत. क्लोरोफायसीमध्ये क्लॅमिडोमोनस, व्हॉल्व्हॉक्स, सेनेडेस्मस, हायड्रोडिक्टिऑन, ईडोगोनियम व फ्रिट्शिएला येतात. ट्रेबॉक्सिओफायसीमध्ये खऱ्या क्लोरेलाचा व दगडफुलासारख्या शैवाकांतील अनेक हरित शैवलांचा समावेश होतो. उल्व्होफायसी हा वर्ग प्रामुख्याने सागरी आहे, परंतु युलोथ्रिक्स, क्लॅडोफोरा व पिथोफोरा गोड्या पाण्यात आढळतात.

(२) स्ट्रेप्टोफायटा : यात भूवनस्पती व त्यांच्या जवळची शैवले येतात. या शैवलांत मीझोस्टिग्मा, क्लोरोकायबस, क्लेब्सॉर्मिडियम, कारा व नायटेला, कोलिओकीट, तसेच संयुग्मी शैवले ही प्रमुख होत. संयुग्मी शैवलांत स्पायरोगायरा, झिग्नेमा व मध्यभागी आकसलेल्या, दोन सारख्या अर्धकांच्या कोशिका असलेली डेस्मिड शैवले मोडतात. डेस्मिड विशेषतः मृदू, किंचित अम्लीय पाण्यात विपुल असतात. उलट कारा कठीण पाण्यात वाढते व तिच्या अंगावर कॅल्शियम कार्बोनेटाचे पुट चढते.

भूवनस्पतींचा सर्वांत जवळचा आप्त कारा असावी, असे तिच्या गुंतागुंतीच्या शरीरावरून दीर्घकाळ समजले जाई. २०१४ नंतरच्या जनुकीय संशोधनाने तो मान संयुग्मी शैवलांना दिला आहे. २०१८ मध्ये कारा ब्राउनी या जातीचा व २०१९ मध्ये दोन संयुग्मी शैवलांचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. शुष्कतेला तोंड देण्यास उपयोगी पडणाऱ्या अनेक जनुकांचे मूळ या शैवलांतच असल्याचे त्यांवरून दिसते. जमिनीवरील जीवनाची पूर्वतयारी गोड्या पाण्यात व त्याच्या ओलसर काठावर झाली, असे मानण्यास यामुळे आधार मिळतो.

महत्त्व : हरित शैवले गोड्या पाण्यातील अन्नसाखळीचा पाया असून मासे व सूक्ष्म प्राणी त्यांवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अवलंबून असतात. सांडपाण्याच्या ऑक्सिडीकरण तळ्यांत क्लोरेला, सेनेडेस्मस इ. शैवले ऑक्सिजन पुरवितात व त्यायोगे सूक्ष्मजंतू घाण कुजवितात. क्लोरेला व सेनेडेस्मस यांवरील प्रयोगांतून मेल्व्हिन कॅल्व्हिन यांनी प्रकाशसंश्लेषणातील कार्बनाचा मार्ग शोधला, त्याबद्दल त्यांना १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नायट्रेटे व फॉस्फेटे पाण्यात वाढली, तर क्लॅडोफोरा, हायड्रोडिक्टिऑन व पिथोफोरा यांची बेसुमार वाढ होऊन कालवे व मत्स्यतळी तुंबतात, आणि ती वाढ कुजताना पाण्यातील ऑक्सिजन घटतो.

भारतातील अभ्यास : अय्यंगार यांच्या मद्रास येथील कार्याने या शाखेचा पाया घातला गेला. भारतीय कृषी संशोधन परिषदेने झिग्नेमेसी कुलावरील एम्. एस्. रंधावा यांचा (१९५९), क्लोरोकॉकेलीझ गणावरील एम्. टी. फिलिपोज यांचा (१९६७) व ईडोगोनिएलीझ गणावरील ई. ए. गोन्साल्व्हिस यांचा (१९८१) असे ग्रंथ प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात गोन्साल्व्हिस व जोशी यांनी वांद्र्याच्या तळ्यातील शैवलांच्या ऋतुमानानुसार बदलणाऱ्या क्रमावर १९४६ मध्ये, तर एन्. डी. कामत यांनी कोल्हापूरच्या शैवलांवर १९६३ मध्ये लेखन केले. जलाशय बुजत व दूषित होत असता अशा जुन्या नोंदी पूर्वीची स्थिती जाणण्याचे साधन ठरतात. बाह्यरूपावरून केलेली त्यांतील ओळख डीएनएच्या आधारे पडताळून पाहण्यासाठी त्याच स्थळांतून नवे नमुने गोळा करणे आवश्यक आहे.