मोबाईल अचानक बंद पडला की फाइल का खराब होते?

मुलांचे फोटो, उपक्रमांचे व्हिडिओ, शाळेची माहिती, आता सगळं मोबाईलमध्येच असतं. फोन मध्येच बंद पडला की कधी शेवटचा फोटो उघडत नाही, तर कधी अख्खं मेमरी कार्डच रिकामं दिसतं. असं का होतं?

आपण 'सेव्ह' केलं तरी माहिती थोडा वेळ रॅममध्येच असते, मग कायमच्या साठ्यात लिहिली जाते. वीज गेली की रॅम कोरी होते. शिवाय कोणती फाइल कुठे ठेवली याचीही एक नोंदवही असते. ती नोंद अर्धवट राहिली, तर फाइल असूनही सापडत नाही.

म्हणून अनेक अँड्रॉइड फोनमध्ये वापरली जाणारी ईएक्सटी ४ ही पद्धत, नोंदवहीत बदल करण्याआधी तो 'जर्नल'मध्ये लिहून ठेवते. जशी आपण आधी कच्च्या वहीत नोंद करतो, तसंच. फोन पुन्हा सुरू झाला की त्यावरून नोंदवही नीट केली जाते. मात्र शेवटच्या क्षणाची माहिती वाचेलच असं नाही.

मेमरी कार्डावरच्या फॅट ३२ आणि एक्सफॅट पद्धतींत असं जर्नल नसतं. त्यामुळे तिथे धोका जास्त.

मग काय करायचं?

१. फाइल कॉपी होत असताना फोन बंद करू नका, कार्ड काढू नका.
२. कार्ड काढण्याआधी सेटिंगमधून 'इजेक्ट' करा.
३. चार्जिंग शिल्लक दिसत असूनही फोन बंद पडत असेल, तर बॅटरी तपासून घ्या.
४. 'कार्ड फॉरमॅट करा' असं आलं तर लगेच होकार देऊ नका. आधी संगणकावर फाइल मिळतात का पाहा.
५. महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवाच.