दुर्बिणीलाही पावसाळा बाधतो!

थंडी पडली, कर्नाळ्याला स्वर्गीय नर्तक बघायला निघालात आणि कपाटातली जुनी दुर्बीण धुरकट? पदराने काचा घासू नका, बाई! धुळीच्या कणांनी काचेवरच्या पातळ थरावर ओरखडे पडतात, ते कायमचे. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग मायक्रोफायबरच्या कापडाने हलकेच पुसा.

तरीही धुरकटच? मोठ्या काचेवर तिरका टॉर्च मारून बघा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. पनवेलचा पावसाळा म्हणजे तिचं माहेरच, त्यात दुर्बीण चामड्याच्या पाकिटात नि बंद कपाटात! फार दिवस राहिली तर ती काचेवरचा थरही खाते. एका पक्ष्याचे दोन दिसून डोकं दुखत असेल, तर आतले लोलक हललेत. दोन्ही कामं दुरुस्तीवाल्याची. घरी स्क्रू खोलायचे नाहीत. जुनी दुर्बीण चांगल्यातली असेल, तर नव्या स्वस्त दुर्बिणीपेक्षा तिच्यावरच खर्च केलेला बरा.

येत्या जूनपासून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की पुड्याही बदला. आणि श्रावणात ऊन पडलं की बाहेर काढून गच्चीवरून थोडे पक्षी बघा. बंद पडून राहिलेल्या दुर्बिणीलाच बुरशी आधी धरते.