अफवेचे मूळ शोधायला शिकवणारा तास

रायपूरच्या सदर बाजारात सराफाच्या पेढीवर बसले, की कानावर काय काय पडते! 'उद्यापासून सोने कडाडणार', 'अमक्याच्या दागिन्यांत म्हणे खोट निघाली'. ऐकणारा घरी येतो आणि शेजारी तेच सांगतो, तेही पदरची थोडी भर घालून. असे का होते?

याच शहरात १९६४ साली स्थापन झालेल्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात मानसशास्त्र शिकवले जाते. परंतु व्याख्या पाठ करून संशोधन समजत नाही. त्यासाठी बाहेरून आलेल्या संशोधकाने आपला अनुभव विद्यार्थ्यांपुढे मांडावा लागतो. पाहुण्यांच्या व्याख्यानांचे महत्त्व आहे ते इथेच.

उदाहरण घरचेच

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या व १९३५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. जिथे धक्के जाणवले पण नुकसान झाले नव्हते, तिथेही याहून मोठे संकट येणार असल्याच्या वावड्या उठल्या होत्या! पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतरच्या अफवा अभ्यासल्या. तिथे लोकांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता आणि तशा भविष्यवाण्या फारशा आढळल्या नाहीत.

या दोन्ही अभ्यासांचा आधार अमेरिकेतील लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात घेतला. त्यांच्या मते, भीती वाटते पण कारण दिसत नाही, तेव्हा मन भीतीला शोभेल असे कारण उभे करते.

प्रश्न जिवाचा

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. भीती खरी होती, कारण मात्र खोटे होते.

म्हणूनच पाहुण्या व्याख्यात्याने केवळ निष्कर्ष सांगून थांबू नये. माहिती कशी जमवली, लोकांची संमती कशी घेतली, कोणता अंदाज फसला, हेही सांगावे. मग विद्यार्थी बाजारात जाईल तेव्हा ऐकीव गोष्ट पुढे ढकलणार नाही. 'तुम्हाला हे कोणी सांगितले?' असे तो नम्रपणे विचारील. संशोधनाची सुरुवात याच प्रश्नापासून होते आणि शहाणपणाचीही!