परसातला टोमॅटो : फळाचा बूड काळा का पडतो?



गणपती उठले की परसात टोमॅटोचे रोप टाकायला हरकत नाही. पाच-सहा माणसांच्या घराला दहा-बारा झाडे पुरतात. एवढ्यासाठी बाजारातून महागडे संकरित बी आणायची गरज नाही. पुसा रुबी ही जुनी, सरळ जात परसाला चांगली.

गादीवाफा करून बी ओळीत, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल जाणार नाही असे टाका. वाफ्यावर बारीक नायलॉनची जाळी किंवा पातळ मलमलीचे कापड लावा. हे काम पुष्कळ जण टाळतात, आणि मग महिन्याभराने झाडे बोकडली म्हणून विचारायला येतात. बोकड्या पसरवते ती पांढरी माशी, आणि ती रोप कोवळे असतानाच गाठते. झाड एकदा बोकडले की त्याला औषध नाही. उपटून पुरून टाकावे, मोह धरू नये.

रोप २५-३० दिवसांचे झाले की संध्याकाळी लावा. दोन झाडांत दीड हात अंतर असू द्या. खड्ड्यात दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत घाला. मागल्या साली जिथे वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती जागा सोडा, कारण ही सारी एकाच कुळातली पिके आहेत आणि यांचे रोगही बरेचसे एकच. झाड वीतभर झाले की काठीचा आधार द्या. फळ जमिनीला टेकले की सडलेच म्हणून समजा.

आता मुख्य गोष्ट. फळ लिंबाएवढे होते, आणि देठाच्या उलट बाजूला, म्हणजे बुडाला, काळा चामड्यासारखा डाग पडतो. बहुतेकांना वाटते कीड पडली, आणि कपाशीचे उरलेले औषध पंपात भरले जाते. बंधूंनो, हे करू नका. हा डाग किडीचा नाही, बुरशीचाही नाही. फळाच्या टोकापर्यंत चुना, म्हणजे कॅल्शियम, पोचला नाही म्हणून तो पडतो. आपल्या काळ्या रानात चुना भरपूर असतो, पण तो पाण्याबरोबरच वर चढतो. परसात पाण्याचा कारभार कसा असतो? चार दिवस कोणी बघत नाही, मग एकदम घागरी ओततात. त्या उपाशी दिवसांत फळाचे टोक मरते. पुढे पाणी मिळाले तरी तो डाग जात नाही.

तेव्हा पाणी थोडे पण नेमाने द्या. बुडाशी उसाचे पाचट किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरा, ओल टिकते. न्हाणीचे पाणी चालेल, धुण्याच्या सोड्याचे मात्र नको. युरियाचा हातही आखडता घ्या. झाड नुसते माजते आणि चुना पानांत जातो. डागाळलेली फळे तोडून टाका, पुढची चांगली येतील.

फळ पोखरणारी अळी वेगळी, तिचे भोक स्पष्ट दिसते. तिच्यासाठी कडेने झेंडू लावा. २५० ग्रॅम निंबोळ्या कुटून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारा. कपाशीवरचे मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालीच बंदी घातली गेली आहे. परसातले फळ लेकरे झाडावरूनच तोडून खातात, हे फवारणाऱ्याने ध्यानात ठेवायचे.

उन्हाळ्यात, पारा पस्तिशीच्या वर राहिला की फुले गळतात. त्यावर औषध शोधू नका, बहार संपला असे समजा.

बियाण्यासाठी निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ राखा. गर बियांसकट भांड्यात एक-दोन दिवस आंबवा, धुवा, आणि तळाशी बसलेले बी सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. संकरित वाणाचे बी मात्र असे धरू नये, पुढच्या साली झाडे सारखी निघत नाहीत.