भात, लाखोळी आणि मोह : रोजच्या खाण्यावर बसलेले तीन शिक्के

आज आपण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या खाण्याबद्दल बोलणार आहोत. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल यांवर इथलं जेवण उभं आहे. पाककृती आज सांगायच्या नाहीत. तीन अगदी साधे पदार्थ घेऊ : भात, लाखोळीची डाळ आणि मोहफूल. तिन्हींवर एकेक शिक्का बसलेला आहे. भातावर एका घड्याळाचा, लाखोळीवर विषाचा आणि मोहावर दारूचा. हे शिक्के कसे बसले आणि त्यांत खरं किती, ते पाहू.

पहिला भात. किराणा दुकानात ‘एचएमटी तांदूळ द्या’ असं आपण सहज म्हणतो. बारीक दाण्याचा, मऊ शिजणारा तांदूळ. एचएमटी ही तर घड्याळाची कंपनी. मग तांदळाला हे नाव कसं मिळालं?

ही गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातली आहे. तिथे नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड वेगळं. या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले, थोडक्या जमिनीचे शेतकरी. १९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल ३’ जातीचं धान उभं होतं. त्यात तीन लोंब्या त्यांना निराळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, त्यातून पुन्हा निवड केली. असं कित्येक हंगाम केलं.

आता इथे थोडं विज्ञान समजून घ्यावं लागेल. मक्याचं परागकण वाऱ्यावर उडून दुसऱ्या झाडावर जातं, त्यामुळे शेजारच्या शेतातलं वाण आपल्या मक्यात मिसळतं. धानाचं तसं नाही. धानाचं फूल थोडाच वेळ उघडतं आणि बहुतेक वेळा त्याचंच परागकण त्याच्यावर पडतं. म्हणून एखादं वेगळं रोप सापडलं आणि काही पिढ्या नीट निवड केली, तर त्याचा वेगळेपणा टिकवता येतो. प्रयोगशाळा नसलेला शेतकरीसुद्धा धानाचं नवं वाण काढू शकतो, त्याचं कारण हे आहे. लागते ती नजर आणि चिकाटी.

१९९० च्या सुमारास हे धान तळोधीच्या बाजारात गेलं. वाणाला नाव नव्हतं. तेव्हा एचएमटी घड्याळं फार लोकप्रिय होती, म्हणून व्यापाऱ्यानं तेच नाव देऊन टाकलं. पुढे सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं हे बियाणं नेलं आणि १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. बियाणं शुद्ध करून दिलं तर वाण कोणाचं म्हणायचं, शुद्ध करणाऱ्याचं की शोधणाऱ्याचं? श्रेयाचा हा वाद तेव्हापासूनचा. दादाजींनी एवढ्यावर न थांबता डीआरके, नांदेड चिन्नोर अशी आणखीही वाणं काढली. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, २०१० साली ‘फोर्ब्स’नं दखल घेतली. पण तांदूळ लाखो घरांत पोचला त्या मानानं पैसा त्यांच्या घरात आला नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यात उपचार सुरू असताना ते गेले. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवण्याचा हक्क दिला खरा, पण एचएमटी त्याच्या आधीच गावोगाव पसरलं होतं.

दुसरी लाखोळी. हिला लाख किंवा लाखोरीही म्हणतात, हिंदीत खेसारी किंवा तिवडा. पूर्व विदर्भात हिची पद्धत बघण्यासारखी आहे. धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नाही, पाणी देणं नाही. धान निघालं की खाली ही हिरवीगार उभी. कोवळ्या पानांची भाजी, डाळीचं वरण, वडे, आणि कुटार जनावरांना. दाण्यात पावभराहून जास्त भाग प्रथिनांचा.

आणि याच डाळीच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली. का? तर तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट वापरतात. ओडॅपची घडण त्याच्यासारखीच आहे, त्यामुळे पेशी वाजवीपेक्षा जास्त चेततात आणि हळूहळू निकामी होतात. पाय ताठरतात, माणूस टाचा उचलून चालायला लागतो, आणि हे व्यंग बरं होत नाही. आयुर्वेदात याला कलायखंज म्हटलं आहे. कलाय म्हणजे लाखेच्या जातीचं कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडेपणा.

म्हणजे बंदी बरोबर होती का? इथे सावकाश विचार करू. हा रोग झाला कुठे आणि कधी, ते बघा. १८११-१२ च्या दुष्काळात माद्रिदचे लोक याच पिठाच्या लापशीवर जगले. चित्रकार गोयाचं त्यावर चित्र आहे. दुसऱ्या महायुद्धात वाप्निआर्का इथल्या छळछावणीत कैद्यांना हेच धान्य खाऊ घातलं आणि शेकडो जण लंगडे झाले. दोन्हीकडे माणसांना दुसरं अन्नच नव्हतं. लाखोळी हेच मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाल्लं, की रोगाचा धोका वाढतो. भात, इतर डाळी आणि भाजीबरोबर बेतानं खाणाऱ्यांत तो क्वचितच दिसतो. वाईट योग असा की पाण्याचा ताण पडला की दाण्यात ओडॅप वाढतं, आणि नेमक्या दुष्काळातच हे एक पीक तग धरून राहतं. माणूस सर्वांत भुकेला असतो तेव्हाच ते सर्वांत जास्त विषारी असतं.

शेतकरी आणि कार्यकर्त्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २००८ साली महाराष्ट्रानं आपल्यापुरती बंदी उठवली. रतन, प्रतीक, महातिवडा ही कमी ओडॅपची वाणंही आता आहेत. जे खातात त्यांच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी : ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, की त्याचा बराच भाग निघून जातो, सगळा नाही. तेव्हा रोज, ताटभर आणि एकटी लाखोळी खाऊ नये, हे कायम.

तिसरं मोहफूल. मोह म्हटलं की आपल्याला दारू आठवते. पण वाळलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त साखर असते. ऊस न पिकणाऱ्या जंगलात गोडाची सोय हीच. फुलं भाजून तिळाबरोबर कुटतात, पिठात घालून भाकरी करतात, टंचाईच्या दिवसांसाठी साठवतात.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे ही फुलं आपोआप गळतात. गळतो तो फक्त फुलाचा मांसल भाग. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. म्हणून फुलं वेचली तरी पुढे टोळ धरतेच, आणि तिच्या बियांचं तेल निघतं. एका झाडापासून साखर आणि तेल दोन्ही, तेही झाड न तोडता. परागीभवनाला वटवाघळांचा हातभार असतो. एक अडचण मात्र आहे. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधली तर आगीची गरजच उरत नाही.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानं फुलांवरही नियंत्रण आणलं. म्हणजे वेचणाऱ्या बाईच्या टोपलीतलं अन्न कायद्याच्या नजरेत दारूचा कच्चा माल झालं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांनी आंदोलन करून मिळवलेली. दारूनं घरं बसतात हे तिथल्या बायांनीच सांगितलं. पण दारू नको म्हणणं वेगळं आणि फूल नको म्हणणं वेगळं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी जंगलवासीयांना दिली. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०२१ साली राज्यानं मोहफुलं गोळा करण्यावरचे, बाळगण्यावरचे निर्बंधही काढले.

तर या तीन शिक्क्यांचा हिशेब असा. भातावरच्या नावानं शोधणारा माणूस झाकला गेला. लाखोळीवरच्या शिक्क्यात तथ्य होतं, पण त्यानं भुकेचा दोष एकट्या दाण्यावर टाकला. मोहावरच्या शिक्क्यानं एका वापरासाठी बाकीचे सगळे वापर संशयात आणले. तिन्ही ठिकाणी पदार्थाची खरी माहिती तो पिकवणाऱ्या आणि वेचणाऱ्या माणसांकडे होती. त्यांना विचारून नियम केले असते, तर दादाजींचं नाव तांदळाच्या पोत्यावर दिसलं असतं. निदान पुढच्या वेळी एचएमटी घेताना ते नाव आपण घरातल्या मुलांना सांगू शकतो.