उरवडे आणि 'अकुशल' हा शब्द

पिरंगुटहून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुळशी तालुक्यातलं उरवडे लागतं. भाताची खाचरं, मागे डोंगर आणि मधूनमधून कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड. सोमवार, ७ जून २०२१. दुसऱ्या लाटेनंतर राज्यातले निर्बंध त्याच दिवशी टप्प्याटप्प्याने उठायला लागले होते. दुपारी इथल्या एका कारखान्यात आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी रसायनं तिथे तयार होत. १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. जेसीबीने भिंत फोडून मृतदेह बाहेर काढावे लागले आणि ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या.

दरवर्षी १५ जुलैला जागतिक युवा कौशल्य दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१४च्या डिसेंबरमध्ये जाहीर केला. २०२४ साली त्या दिवसाचा विषय होता शांतता आणि विकासासाठी तरुणांची कौशल्यं. व्यासपीठावर हे शब्द फार सोपे वाटतात. उरवडेच्या स्टँडवर सकाळच्या शिफ्टसाठी थांबलेल्या मुलीला त्यातून काय मिळायला हवं, हे बघायचं तर आधी काही समजुती बाजूला साराव्या लागतात. त्यांतली पहिली मला सगळ्यांत घातक वाटते, म्हणून तिच्यापाशीच जास्त थांबते.

गैरसमज : पॅकिंगचं काम अकुशल. त्यात शिकवायचं काय?

किमान वेतनाच्या तक्त्यात कामगारांचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग असतात. हे वर्ग पगार ठरवण्यासाठी केलेले आहेत. पण बोलता बोलता आपण तो शिक्का माणसावर मारतो, आणि मग 'हिला काय शिकवायचं, पिशव्या तर भरायच्या' असं म्हणून पहिल्याच दिवशी तिला टेबलापाशी उभं केलं जातं.

वस्तुस्थिती अशी, की रसायनाच्या कारखान्यात पॅकिंगचा विभाग धोक्याचा असतो. तिथे पुठ्ठा, प्लास्टिक, चिकटपट्टी असा लगेच पेटणारा माल असतो आणि शेजारीच रसायन. रसायनाच्या ड्रमवर लाल चौकटीतली चिन्हं असतात. नुसती ज्वाळा असेल तर तो पदार्थ स्वतः पेट घेणारा. वर्तुळावर ज्वाळा असेल तर तो ऑक्सिडीकारक, म्हणजे दुसऱ्या वस्तूची आग भडकवणारा. तो कागद-प्लास्टिकजवळ ठेवायचाच नसतो. दोन चित्रांतला हा फरक समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक धोकादायक रसायनाबरोबर एक सुरक्षा माहितीपत्रक येतं, त्याचे १६ ठरलेले विभाग असतात. चौथ्यात प्रथमोपचार, पाचव्यात आग विझवायची रीत. कुठल्या आगीवर पाणी चालतं, कुठल्या आगीवर नाही, अग्निशामक नळकांड्याची पिन कशी ओढायची, फवारा ज्वाळांवर न मारता बुडाशी कसा मारायचा, धुरात उभं न राहता खाली वाकून कसं सरकायचं, हे सगळं हाताने करून बघायचं शिक्षण आहे. सुतारकाम किंवा वेल्डिंग शिकण्याइतकंच ते खरं कौशल्य आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, नाहीतर याच मुद्द्यातून उलटा अर्थ निघतो.

गैरसमज : त्यांना प्रशिक्षण असतं तर त्या वाचल्या असत्या.

असं म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसावर दोष ढकलणं. बाहेर पडायला मोकळी वाट नसेल, पेटणारा माल वाटेत रचलेला असेल, तर जगातलं कुठलंही प्रशिक्षण कामाला येत नाही. सुरक्षित वाटा ठेवायची जबाबदारी मालकाची. कायद्यातही ती तशीच लिहिलेली आहे. उरवडेच्या आगीनंतर पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला आणि कारखान्याच्या चालकांना अटक केली, ते त्यामुळेच.

आग लागली तेव्हा १९४८चा कारखाना अधिनियम लागू होता. त्याचं ३८वं कलम सांगत होतं, की प्रत्येक कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना बाहेर पडायच्या वाटा माहीत असल्या पाहिजेत आणि आगीच्या वेळी काय करायचं याचा त्यांना सराव दिलेला असला पाहिजे. म्हणजे ते प्रशिक्षण कामगाराचा हक्क होतं आणि मालकाचं कर्तव्य. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली याच कायद्यात आणखी भर पडली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणं बंधनकारक झालं. जिवाला धोका आहे असं वाटलं, तर व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकालाही कळवायचा हक्क कामगाराला मिळाला. नोव्हेंबर २०२५पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयीची नवी संहिता लागू झाली. आपल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडे मागायचा हक्क तिच्यातही आहे, आणि प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं सक्तीचं आहे.

हक्क वापरायचा तर तो माहीत हवा, आणि कामाच्या नवव्या-दहाव्या दिवशी ठेकेदाराला तोंडावर विचारायचं धाडस हवं. हे धाडस एकटीला येत नाही. चार जणींनी मिळून कसं विचारायचं, अर्ज कसा लिहायचा, त्याची पोच कशी घ्यायची, हे शाळेत शिकवता येतं. मला तर वाटतं, आठवी-नववीच्या मराठीच्या पुस्तकातल्या अर्जलेखनात सहलीच्या परवानगीबरोबर हा एक अर्जही असावा.

गैरसमज : ठेकेदाराकडे काम केलं की कसलंच संरक्षण नसतं.

पुष्कळ मुलंमुली हे गृहीतच धरून चालतात, आणि म्हणून पगारपत्रक वाचतच नाहीत. राज्य कामगार विमा योजना ठेक्याच्या कामगारांनाही लागू होते. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यात, महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. कामावर अपघाती मृत्यू झाला, तर अवलंबितांना पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा रक्कम मिळते आणि त्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात विमा क्रमांक आणि भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक मागून घ्यायचा आणि मोबाईलवर तो तपासायचा. एरवी रिचार्जचे बारीक हिशेब ठेवणाऱ्या पोरांना हे अजिबात अवघड नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

गैरसमज : आयटीआय म्हणजे नापासांची वाट.

हा जुना झाला, तरी लग्न जमवताना अजून ऐकू येतो. शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची आहे, शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा. राज्यात आयटीआयचे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात, आणि इलेक्ट्रिशियन, फिटर यांसारख्या ट्रेडना चांगलीच चुरस असते. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जायची वाट आहे. ती धरून पुढे पदवीपर्यंत जाता येतं.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच मोठा आहे : कागद मिळाला की काम मिळालं. २०२४ साली राज्य सरकारने सुरू केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. सुरुवातीची मुदत सहा महिन्यांची होती. तो अनुभव होता, नोकरी नव्हती. तरीही मुदत संपल्यावर कायम करा म्हणत मुलं रस्त्यावर आली. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. प्रशिक्षण आणि नेमणूक यांतला फरक त्यांना पहिल्या दिवशी स्वच्छ सांगायला हवा होता.

गैरसमज : कंपन्यांत ८० टक्के जागा आपल्या गावच्या पोरांना राखीव आहेत.

गावच्या निवडणुकीत हे वाक्य हमखास येतं. राज्य सरकारचं धोरण आहे, २००८च्या शासन निर्णयात ते स्पष्ट लिहिलं आहे : पर्यवेक्षकांच्या ५० टक्के आणि बाकीच्या ८० टक्के जागा स्थानिकांना. पण तिथे 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेला माणूस. उरवडेचा नव्हे, मुळशीचाही नव्हे. नांदेडचा मुलगा त्या अर्थाने उरवडेच्या मुलाइतकाच स्थानिक. हे कळलं की शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या परजिल्ह्यातल्या पोराशी भांडण्यात अर्थ उरत नाही. कारखान्याला फिटर हवा असतो, तो ज्याला येतो त्याला घेतात.

इथूनच शांततेचा विषय सुरू होतो.

गैरसमज : जमिनीचे पैसे आले, आता शिकून काय करायचं?

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातच आहे. पुण्याच्या कडेची गावं गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. 'गुंठामंत्री' हा शब्द त्यातूनच आला. जमीन गेल्यावर रिकाम्या झालेल्या पोराचं काय होतं, ते २०१८च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटाने घराघरात नेलं. पण तालुक्याची ओळख तेवढीच राहिली, याचं मला वाईट वाटतं. याच मुळशीत १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना 'सेनापती' हे नाव या लढ्याने दिलं. धरण झालंच, पाणी घाटाखाली भिरा वीजघराकडे वळलं, गावं बुडाली. अहिंसेने सुरू झालेला लढा शेवटी रेल्वे अडवण्यापर्यंत गेला आणि बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. उरवडेची आग लागली तेव्हा या सत्याग्रहाला शंभर वर्षं होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

शांतता म्हणजे गप्प बसणं, असं मुलांना वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत चौथं उद्दिष्ट शिक्षणाचं. त्यातलं ४.७ हे लक्ष्य मानवी हक्क, लैंगिक समानता आणि शांतता-अहिंसेची संस्कृती शिकवा असं म्हणतं. मुळशीच्या मुलाला ते परकं वाटायचं कारण नाही. सातबारा वाचणं, साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक ओळखणं, भावकीचा वाद कोयत्यावर जायच्या आधी मोजणी मागवून टेबलावर आणणं, हे त्याच्यासाठी शांततेचं शिक्षण आहे. आलेल्या पैशाचं काय करायचं हे घरात बसून ठरवणं, तेही त्यातच आलं.

गैरसमज : शाश्वत विकास म्हणजे झाडं लावणं.

झाडं लावावीतच. पण कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र चालवायला माणूस लागतो, छतावरचे सौर पॅनेल बसवायला वायरमन लागतो, आंबेमोहराचं खाचर टिकवायला माती तपासणारा लागतो. ही सगळी पोटापाण्याची कामं आहेत.

पुणे जिल्ह्यातच याचा जुना नमुना आहे. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधकाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना एकच धंदा शिकवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. वर्षभरात मुलगा बांधकाम-वेल्डिंग, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, आणि घर-आरोग्य अशा चारही अंगांना हात लावतो. शिकता शिकता गावाची खरी कामं करतो आणि त्याचे पैसे घेतो, कारण गिऱ्हाईक पैसे देतं तेव्हा कामातली चूक लपत नाही. २००२ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली तीही याच खेड्यात. पुढच्या वर्षी कलबाग गेले. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय मात्र राज्यातल्या कितीतरी माध्यमिक शाळांत पोचला.

मुळशीत असं केंद्र उभारायचं तर चौथ्या अंगात, घर-आरोग्यात, मी कारखान्याची सुरक्षा घालेन. पहिलं काम पोरींना द्यावं. जुन्या कारखाना अधिनियमात सूचनाफलकांविषयी एक तरतूद होती : ते इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हवेत. रसायनांची माहितीपत्रकं मात्र सहसा इंग्रजीतच येतात. त्यांतले चौथे आणि पाचवे विभाग सोप्या मराठीत आणि हिंदीत उतरवून, चिन्हांसकट मोठ्या अक्षरांत पॅकिंगच्या टेबलासमोर लावायची. उरवडेतली बारावी विज्ञान झालेली मुलगी हे काम एका आठवड्यात करू शकेल, आणि कारखान्याने तिला त्याचे पैसे द्यावेत.